आटवलेलं पाणी

गेल्या महिन्यात कॉलेजात माझा सत्कार झाला. प्राध्यापक झालो म्हणून. शाल, नारळ आणि प्राचार्यांचं लांबलचक भाषण. "लाडे सरांनी विहिरींच्या पाण्यातलं न दिसणारं विष शोधून काढलं," असं ते तीनदा म्हणाले. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला. विनय कसला डोंबलाचा! ज्या संशोधनावर मला ती शाल मिळाली, त्याच्या बुडाशी दोन महिन्यांची एक पोर आहे. ती माझ्या सल्ल्यानं मेली.

हे मी आजवर एकाच माणसाला सांगितलं, आणि तेही सात वर्षं उशिरा.

एकोणसाठ साली मी भिलाईला आलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. रसायनशास्त्राची पदवी, पाणी तपासायचं सहा महिन्यांचं शिक्षण आणि काचेच्या नळ्यांची एक लाकडी पेटी, एवढीच माझी मालमत्ता. कारखाना उभा राहत होता. पहिली भट्टी पेटली होती, बाकीच्यांची कामं रात्रंदिवस चालू होती, आणि मजुरांच्या झोपड्या जिकडेतिकडे पसरल्या होत्या. त्यांना पाणी देण्यासाठी विहिरी खणणाऱ्या एका ठेकेदारानं मला ठेवलं होतं. विहिरीचं पाणी काढायचं, तपासायचं आणि कागदावर 'पिण्यास योग्य' किंवा 'अयोग्य' लिहायचं. एवढ्यासाठी मजूर मला पाणीसाहेब म्हणायचे.

राहायला एक खोली होती. आम्ही चौघं, चौघांच्या चार भाषा, आणि कामापुरती हिंदी. खानावळीत मी जेवायला बसलो की शेजारची जागा सगळ्यात शेवटी भरायची. तिथल्या वाढप्यानं पहिल्याच दिवशी मला पूर्ण नाव विचारलं होतं. पुढं कुणी काही बोललं नाही. मीही विचारलं नाही. तीन वर्षांपूर्वी नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा वाटलं होतं की आता हे मागं पडलं. माझ्यापुरतं ते पडलंही होतं, वाढप्याचं मला माहीत नाही.

रिसाली गावाच्या पलीकडं मजुरांचा एक कॅम्प होता. बहुतेक माणसं आमच्या भंडाऱ्याकडची. तिथली विहीर नवी होती. पाणी काचेसारखं स्वच्छ, गार आणि चवीला गोड. मी ते तपासत बसलो होतो तेव्हा एका झोपडीतून पन्नाशीची एक बाई बाहेर आली. कासोटा, कपाळावर मोठं कुंकू, हातात तांब्या.

"गाव कोनतं जी तुमचं?"

"साकोलीकडचं."

"आडनाव?"

आलं, असं मनात म्हणून मी सांगितलं. ती क्षणभर थांबली. आमच्या भागातल्या माणसाला आडनाव पुरतं, पुढं काही सांगावं लागत नाही. मग तिनं हातातला तांब्या, ज्यातून ती स्वतः आत्ताच पाणी प्यायली होती, तो माझ्यापुढं धरला.

"घ्या भाऊ. उन्हाचे फिरून राहिले."

तिचं नाव मनकर्णा. मुलगा केवलराम कारखान्याच्या बांधकामावर खलाशी होता, उंचावर चढून लोखंडी तुळया बसवायचा. त्यानंतर मी काही ना काही निमित्त काढून त्या कॅम्पात जायला लागलो. खरं सांगायचं तर त्या विहिरीचे इतके नमुने घ्यायची काहीच गरज नव्हती. पण तिच्या ओट्यावर बसलं की मला माझ्या आईची बोली बोलता यायची. ती आधी पाणी द्यायची आणि मग बोलायची. उलटं कधी झालं नाही.

मी त्या पाण्यातले रोगजंतू तपासले, खार तपासला, जडपणा तपासला. सगळं ठीक होतं. तक्त्यात एक रकाना नायट्रेटचा होता. त्या तपासणीला एक आम्ल लागतं. ते कलकत्त्याहून यायचं होतं, आलं नव्हतं. पुढच्या खेपेला बघू म्हटलं, आणि 'पिण्यास योग्य' लिहून मोकळा झालो. ती विहीर कुठं खणली आहे, हेही मी विचारलं नाही. तिथं आधीच्या गावाचं गोठाण होतं. पिढ्यान्‌पिढ्या गुरं तिथं बसायची, शेणामुताचे थर जमिनीत जिरलेले. गाव उठलं, वर मुरूम पसरला, आणि पाणी लवकर लागतं म्हणून ठेकेदारानं तिथंच खणून टाकलं. हे सगळं कॅम्पातल्या कुठल्याही म्हाताऱ्यानं मला सांगितलं असतं. पण मला वाटायचं, पाण्याची सगळी माहिती माझ्या पेटीत आहे.

श्रावणात केवलरामची बायको बाळंत झाली आणि पाचव्या दिवशी तापानं गेली. मुलगी वाचली. मनकर्णा तिला शेळीचं दूध पाजायची, दोन वाट्या पाण्यात एक वाटी दूध, कापसाच्या बोळ्यानं. महिन्याची झाली तेव्हा पोरीला हगवण लागली. मी गेलो तेव्हा मनकर्णा रडकुंडीला आली होती.

"काय करू जी भाऊ? तुमी शिकलेले आहा."

"पाणी उकळून द्या मावशी. न उकळलेलं एक थेंब देऊ नका."

"किती उकळू?"

हा प्रश्न मला अजून ऐकू येतो. मला कुणी असं भक्तिभावानं कधी काही विचारलं नव्हतं. छाती फुगली असणार माझी. मी म्हणालो, "जितकं जास्त उकळाल तितकं चांगलं."

बस. एवढंच.

आमच्याकडं बाळंतिणीला, आजाऱ्याला पाणी द्यायचं तर ते आटवून देतात. काढ्यासारखं. निम्मं राहिलं की त्यात ताकद आली असं मानतात. मनकर्णानं बांबूची एक कामटी घेतली आणि तिच्यावर विळ्यानं दोन खाचा पाडल्या. वरच्या खाचेपर्यंत पाणी घालायचं आणि खालच्या खाचेपर्यंत उतरलं की चूल विझवायची. मला तिनं ती कामटी कौतुकानं दाखवली. मीही कौतुक केलं. शिस्तीचं काम आहे म्हणालो.

हगवण थांबली. पण पोरगी निळसर दिसायला लागली. आधी ओठ, मग नखं. रडणं कमी झालं. कॅम्पातल्या कंपाउंडरनं बोटातून रक्त काढलं तर ते काताच्या रंगाचं निघालं. छातीत जन्माचाच दोष असेल, असं तो म्हणाला. त्या बिचाऱ्याला त्याहून जास्त काय कळणार होतं? भादव्याच्या शेवटी एका दुपारी पोरगी गेली. अजून नावही ठेवलं नव्हतं. आई गेल्यामुळं बारसं लांबलं होतं.

मी भेटायला गेलो. मनकर्णा भिंतीला टेकून बसली होती. मला बघून उठली, तांब्या भरून आणला आणि मग बसली.

"एक दिस कमी आटलं भाऊ," ती म्हणाली. "पानी येऊन राहिलं होतं, लाकडं ओली होती. खालच्या खाचेपर्यंत नाई उतरलं. तसंच पाजलं म्या."

"त्यानं काही झालं नाही मावशी," मी म्हणालो. तेव्हा मला ते खरोखर तसंच वाटत होतं. पण तिनं ऐकलं नाही हे मला दिसलं.

त्या थंडीत मी नागपूरला आलो होतो. वाचनालयात परदेशी मासिकं चाळत बसलो होतो, वेळ जात नव्हता म्हणून. एका अंकात शेतावरच्या विहिरींबद्दल एक लेख होता. विहिरीत शेणखत झिरपतं, पाण्यात नायट्रेट वाढतं, आणि वरचं दूध पिणारं तान्हं मूल निळं पडतं. रक्त तपकिरी होतं. मोठ्या माणसांना काही होत नाही. पुढं एक वाक्य होतं: उकळल्यानं नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि ते दाट होतं.

मी ते वाक्य किती वेळा वाचलं, सांगता येत नाही. वाचनालयाचा शिपाई खांद्याला हात लावून बंद व्हायची वेळ झाली म्हणाला तेव्हा उठलो.

आम्ल एव्हाना आलं होतं. मी परत जाऊन त्या विहिरीचं पाणी तपासलं. नळीत पिवळा रंग इतका गडद आला की नळीपलीकडचं माझं बोट दिसेना. मग मी तेच पाणी शेगडीवर ठेवून निम्मं आटवलं आणि पुन्हा तपासलं. दुप्पट. मनकर्णा जितकी शिस्तीनं वागली तितकं विष पोरीच्या पोटात गेलं. एखादी आळशी आजी असती तर कदाचित पोरगी जगली असती. आणि ओल्या लाकडांच्या ज्या एका दिवसाबद्दल ती स्वतःला कोसत होती, त्याच दिवशी तिनं पोरीला जरा कमी विष पाजलं होतं.

विहीर मी बंद करवली. कॅम्पातल्या लोकांना सांगितलं, काठ खचलाय. मनकर्णालाही तेच सांगितलं. तिच्या ओट्यावर बसून, तिनं दिलेलं पाणी पिऊन. खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. जीभ उचलली नाही. परत येताना मनाला समजावलं, तिला का दुःख द्यायचं? आपल्याच हातानं नात मारली, हे कळून म्हातारी जगेल कशी? हे कारण मला फार पटलं. स्वतःच्या सोयीची कारणं मला नेहमीच चटकन पटतात.

महिन्याभरात मी नोकरी सोडली. मग नागपूर, पुढचं शिक्षण, डॉक्टरेट, कॉलेज. विषय एकच, विहिरींतलं नायट्रेट. विदर्भातल्या आणि छत्तीसगडातल्या शेकडो विहिरी मी पालथ्या घातल्या. मुलं विचारतात, सर लग्न का नाही केलं? मी म्हणतो, वेळ नाही मिळाला. घरी गेल्यावर बोलायला कुणी नसतं, ते बरंच आहे. कुणी असतं तर एक ना एक दिवस सांगावं लागलं असतं.

यंदा कार्तिकात सर्वेक्षणाला भिलाईजवळ अहिवाऱ्याकडं गेलो होतो. तिथं चुनखडीच्या खाणी आहेत, खाणीवरच्या माणसांची वस्ती आहे. कॉलेजची जीप होती, गाडीवर दयाराम. वस्तीच्या टोकाला उकिरड्यांच्या रांगेशेजारी एक विहीर होती. आता मी आधी जागा बघतो आणि मग पेटी उघडतो. पाणी तपासलं. नळी पिवळीधमक झाली.

तान्हं मूल कुणाच्या घरी आहे, असं विचारत मी एका दारात पोचलो. पंचविशीची एक बाई चुलीपुढं बसली होती. मांडीवर दीड महिन्याचं मूल. चुलीवर भगुणं होतं आणि भगुण्यात तिनं एक कामटी उभी धरली होती. कामटीवर दोन खाचा होत्या.



"हे... हे कशासाठी करता बाई?"

"मले दूध नाई जी. ताप आल्ता, तवा आटलं. मनून वरचं पाजून राहिली. पानी अर्धं आटवून." तिनं मूल जरा वर उचललं. ओठ जांभळट होते. "माह्या आईनं शिकवलं. भिलाईले एक पानीसाहेब होते, त्याहीनं सांगतलं होतं तिले."

ती मनकर्णाची मुलगी होती, भागीरथा. त्या वेळी सासरी असल्यानं तिनं मला कधी पाहिलं नव्हतं. मी तिला हात जोडून सांगितलं, हे पाणी ताबडतोब थांबवा, मुलाला जीपमध्ये घ्या, दवाखान्यात जाऊ. ती उठली आणि दोन पावलं मागं सरकली. नवरा खाणीवर होता. दारात एक अनोळखी माणूस उभा, आणि तो म्हणतोय मूल घेऊन गाडीत बस.

"आईले इचारल्याबिगर मी काई नाई करनार," ती म्हणाली. "तिची एक नात गेली अशीच. तवापासून ती पानी अजून जास्त आटवाले सांगते."

मी नाव सांगू शकलो असतो. मीच तो पाणीसाहेब, असं म्हणू शकलो असतो. तिनं विश्वास ठेवला नसता, हे मी स्वतःला नंतर सांगितलं. खरं म्हणजे तोंडातून ते आलंच नाही. तिच्या आईचा पत्ता घेतला आणि दयारामला म्हणालो, भिलाई, जितक्या जोरात नेता येईल तितक्या.

केवलरामला कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं होतं. त्यानं पुन्हा लग्न केलं नव्हतं, त्या दिवशी तो ड्यूटीवर होता. घरात मनकर्णा एकटीच. केस पांढरे झाले होते. मला पाहून तिनं डोळ्यांवर हात धरला आणि एकदम उजळली.

"अगा बाई! पानीसाहेब! किती वर्सांनी जी भाऊ! थांबा, पानी आनते."

"मावशी, थांबा. आधी ऐका."

ती दारातच थांबली. आमच्यात पहिल्यांदा बोलणं आधी आलं.

मी तिला भागीरथाच्या विहिरीचं सांगितलं. मूल निळं पडतंय, पाणी आटवणं थांबवायचं, इथलं नळाचं पाणी घेऊन जायचं आणि मुलाला दवाखान्यात न्यायचं. इतकं बोलून मी थांबलो असतो तर चाललं असतं. तसंच ठरवलं होतं जीपमध्ये. नवीन शोध लागलाय म्हणायचं. मी तसं म्हणालोही.

तिनं सगळं ऐकलं. ती घाबरली होती, पण तिचं डोकं चालू होतं. पाणी भरायला डबा शोधता शोधता ती मध्येच वळली.

"निळी तं आपली पोट्टीबी पडली होती."

डबा तिच्या हाताला लागला होता.

"त्या हिरीतबी हेच होतं का जी?"

"हो."

"आन मी आटवत होती."

"हो मावशी. मीच सांगितलं होतं. तुमची चूक नाही, माझी आहे. मी पाणी नीट तपासलं नव्हतं."

ती डबा हातात घेऊन उभी राहिली. ती रडेल, मला शिव्या देईल, असं काहीतरी होईल म्हणून मी वाट बघत होतो. तिनं फक्त एवढंच विचारलं:

"तुमाले कवा समजलं हे?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. ती मी घेतली नाही. त्याबद्दल स्वतःचं कौतुक करावंसं मात्र कधी वाटलं नाही.

"त्याच वर्षी. थंडीत."

"मंग सांगतलं कावून नाई?"

"तुम्हाला दुःख होईल म्हणून."

"आन तवा का होत नोयतं?" ती हळूच म्हणाली. "सात वर्सं मी म्हनत आली, एक दिस लाकडं ओली होती, पानी कमी आटलं, मनून पोट्टी गेली. केवलरामच्या तोंडाकडं मी धड पायलं नाई सात वर्सं. पोरीच्या घरी गेली तं तिले सांगतलं, बाई, आणखी आटव, माह्यासारखी चूक नोको करू."

तिनं डबा नळाखाली लावला. पाणी भरेपर्यंत आम्ही दोघंही त्या डब्याकडं बघत उभे होतो. भरल्यावर तिनं झाकण घट्ट लावलं, पदर खोचला आणि डबा उचलला. मी पुढं झालो तर तिनं डबा दुसऱ्या बाजूला घेतला.

"गाडी द्या फक्त. तुमी नोका येऊ."

त्यात भाऊ नव्हतं, जी पण नव्हतं.

जीप गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. कारखान्याचा भोंगा झाला, शिफ्ट सुटली, सायकलींची रांग समोरून गेली. केवलराम आला नाही, डबल ड्यूटी असावी. आला असता तर त्याला काय सांगायचं, ते मला सुचत नव्हतं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. घसा कोरडा पडला होता. दार उघडंच होतं आणि दारातून आतला माठ दिसत होता. वर तोच पितळी तांब्या पालथा घातलेला होता. मी तो ओळखला. काठाला पोचा होता.

दिवस मावळायला दयाराम परतला. बच्चा दवाखान्यात आहे, म्हणाला. डॉक्टरनं सुई दिली, पाणी बदललं, ओठ लाल व्हायला लागलेत, रडतोय चांगला. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. दयाराम दुसरीकडं बघत राहिला.

"बाई कुछ बोलीं?"

"नहीं साहब. बच्चे को लेकर बैठी हैं।"

मग तो सहज घरात गेला, तांब्या उचलला, माठातून भरला आणि उभ्याउभ्या गटागटा प्यायला. दुसरा भरून दाराशी आला आणि माझ्यापुढं धरला. म्हणाला, "लीजिए, आप भी पी लीजिए। सुबह से कुछ नहीं पिया।"

मी नको म्हणालो. त्याला नवल वाटलं. पाणी तर घरात भरलेलं होतं, नळाचं होतं, चांगलं होतं, आणि मला तहान लागली होती. पण घरच्यांनी दिल्याशिवाय पाणी घ्यायची सवय मला लहानपणापासूनच नाही.